गुडघ्याला रेडिएशन : घ्यायचं की नाही, आणि घेतलंच तर कसं

माझी मावशी दुखणं आण्यांत मोजते. "आज रुपयातले बारा आणे दुखतोय" असं ती म्हणाली की समजायचं, आज जिना उतरणं नाही. डोंबिवलीत बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सत्तरीतल्या बाईच्या दिवसाचं वेळापत्रक तिचा गुडघाच ठरवतो. एका रविवारी तिच्या मुलाचा श्टुटगार्टहून फोन आला. शेजारच्या आजोबांनी गुडघ्याला सहा वेळा रेडिएशन घेतलं होतं आणि आता ते पुन्हा बागेत खुरपं घेऊन बसायला लागले होते. "आई, तिकडे चौकशी कर ना."

मावशीने फोन माझ्या हातात दिला आणि मोठ्याने म्हणाली, "याला सांग, मला कॅन्सर झालेला नाही."

पुढचे सहा महिने कागद वाचण्यात, डॉक्टरांना भेटण्यात आणि बाकांवर बसण्यात गेले. त्यातून जे हाती आलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या गुडघ्याबद्दलचा निर्णय तुमचा एक्स-रे आणि तुमचा गुडघा हाताने तपासणारा माणूस मिळूनच होणार. पण त्याच्यासमोर बसण्याआधी काय माहीत असावं आणि काय करून ठेवावं, एवढं मी नक्की सांगू शकते.

आधी, हे आहे तरी काय

कॅन्सरवर वापरतात तेच मशिन, पण मात्रा अगदी वेगळी. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. कॅन्सरच्या गाठीला साधारणपणे रोज २ ग्रेच्या आसपास देत देत एकूण ५० ते ७० ग्रेपर्यंत जातात. सांध्याच्या दुखण्यासाठी एका वेळी ०.५ ग्रे, असे सहा वेळा, म्हणजे एकूण ३ ग्रे देतात. काही ठिकाणी एका वेळी १ ग्रे देऊन एकूण ६ पर्यंतही जातात. कॅन्सरच्या मात्रेचं काम पेशी मारण्याचं. या छोट्या मात्रेचं काम सूज शांत करण्याचं.

सूज कसली? 'गुडघ्याची गादी झिजली' किंवा 'वंगण संपलं' हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण कूर्चेला, म्हणजे त्या गादीला, मज्जातंतूच नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते आजूबाजूचं: सांध्याचं आतलं अस्तर, कूर्चेखालचं हाड, आवरण. झिजेमुळे अस्तराला सूज येते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. कमी मात्रेच्या किरणांमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून ऊतीत शिरणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि दाह पेटवणाऱ्या पेशी थंडावतात, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. म्हणजे हा उपाय झीज भरून काढत नाही. गादी परत येत नाही. 'कूर्चा पुन्हा तयार होते' असं कोणी सांगितलं, तर चहा घ्यायलाही थांबू नका.

कल्पना नवी नाही. राँटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत डॉक्टर ते दुखऱ्या सांध्यांवर टाकून पाहू लागले. जर्मनीत ही पद्धत कधी बंदच पडली नाही. तिथे दर वर्षी हजारो लोक टाच, कोपर, खांदा आणि गुडघ्यासाठी असे किरण घेतात. आपल्याकडेही हा विचार अगदी परका नाही. २०२० मध्ये कोविडच्या न्यूमोनियावर दिल्लीच्या एम्समध्ये फुफ्फुसांना ०.७ ग्रेचा एकच डोस देऊन पाहिला होता, तो याच दाह शमवण्याच्या तर्काने.

इतर अनेक देशांत मात्र हा उपाय मागे पडला, त्यालाही कारण आहे. ब्रिटनमध्ये १९३५ ते १९५४ या काळात मणक्याच्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या आजारासाठी १३,००० हून अधिक रुग्णांना किरण दिले होते. कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल या दोन संशोधकांनी १९५७ साली त्यांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांच्यात रक्ताचा कर्करोग अपेक्षेपेक्षा बराच जास्त दिसला. त्या मात्रा आजच्या ३ ग्रेपेक्षा खूप मोठ्या होत्या आणि किरण थेट मणक्यावर, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मज्जेवर, पडत होते. तरीही ही गोष्ट विसरायची नाही. पुढे वयाची जी अट येते, तिचं मूळ इथेच आहे.

एक गोंधळ इथेच निस्तरते. आपल्याकडे रेडिएशनलाही 'शेक' म्हणतात किंवा 'लाईट देणं' म्हणतात, आणि फिजिओथेरपीवाल्यांकडच्या मशिनलाही शेकच. डायथर्मी, अल्ट्रासाऊंड, लेझर, लाल दिवा यांतलं काहीही हे रेडिएशन नव्हे. गुडघ्याची नस सुईने तापवून बधिर करतात ती रेडिओफ्रिक्वेन्सी, तीही वेगळीच. नावात 'रेडिओ' आहे म्हणून आमच्या घरातल्या तीन माणसांनी तीन वेगळ्या उपचारांवर तावातावाने वाद घातला होता.

पहिली पायरी : दुखणं नक्की झिजेचं आहे का

('पायरी' हा शब्द गुडघेदुखीच्या लेखात वापरणं क्रूर आहे, कल्पना आहे.)

मराठीत 'संधिवात' म्हटलं की सगळंच त्यात येतं. पण झिजेचा संधिवात, आमवात, युरिक अ‍ॅसिडचा गाउट आणि चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी ही चार वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सांधे मोकळे होत असतील, चालल्यावर दुखणं वाढत असेल आणि बसल्यावर कमी होत असेल, तर बहुधा झीज. तास-दीड तास हातपाय आखडलेले राहत असतील, दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, तर आधी संधिवाततज्ज्ञाकडे जा. आमवाताला वेळेवर औषध मिळालं नाही तर सांधे वाकडे होतात. तिथे किरणांच्या मागे लागून वर्ष घालवणं महागात पडेल.

गुडघ्यात दुखतंय, पण मूळ खुब्यात किंवा कमरेच्या मणक्यात आहे, असंही होतं. म्हणून उभं राहून, वजन टाकून काढलेला एक्स-रे आणि डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, दोन्ही हवं. एक्स-रेवरची झीज शून्य ते चार अशा श्रेणीत लिहितात. तुमच्या रिपोर्टवर ती नसेल तर विचारून लिहून घ्या, पुढे लागणार आहे. मावशीची उजव्या गुडघ्याची श्रेणी तीन होती, डाव्याची दोन.

दुसरी पायरी : साधे उपाय खरंच केले का, की नुसते सुचवून घेतले

इथे मी जरा कडक होणार आहे. मावशीला पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम करता?" ती म्हणाली, "हो, करते की." घरी येऊन मी विचारलं, "कुठला?" तर फिजिओथेरपिस्टने दिलेला कागद फ्रीजवर मॅग्नेटखाली लावलेला होता. तीन वर्षांपासून.

गुडघ्याच्या झिजेवर ज्यांचा आधार सर्वांत पक्का आहे ते उपाय कंटाळवाणे आहेत. पाय सरळ ठेवून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि मांडीचा स्नायू आवळायचा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. सपाट रस्त्यावर चालायचं. हे आठवड्यातले बहुतेक दिवस, किमान दोन-तीन महिने. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. चार किलोंची पिशवी हातात धरून बघा, मग हे वाक्य पटतं.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. निम्मे लोक उलटी धरतात आणि 'काठीचा उपयोग नाही' म्हणतात. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचं शौचालय यांना पर्याय शोधायचा. देवपूजेला पाट नको, उंच स्टूल घ्या. यावर आमच्याकडे चार दिवस अबोला होता, पण देवाने काही हरकत घेतली नाही.

दुखऱ्या जागी चोळायचं डायक्लोफिनॅकचं जेल हे गोळ्यांपेक्षा सुरक्षित आहे. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या काम करतात, पण मूत्रपिंड, पोट, रक्तदाब आणि हृदय यांच्याशी त्यांचं पटत नाही. मावशीची अडचण हीच होती. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेलं, त्यामुळे गोळ्यांचा दरवाजा बंद. सांध्यातल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने दोन महिने बरं वाटलं, मग जैसे थे. ग्लुकोसामाइनचे डबे आमच्याही कपाटात होते. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ते घेऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे, एवढं सांगून पुढे जाते.

तिसरी पायरी : वही ठेवा

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. पहिला किरण पडण्याआधी किमान दोन आठवडे वही लिहा.

याचं कारण समजायला पुराव्याकडे जावं लागतं, आणि तो पुरावा सरळ नाही.

नेदरलँड्समध्ये दोन चाचण्या झाल्या, एक गुडघ्यावर आणि एक हाताच्या बोटांवर. दोन्हींत साधारण पन्नास-पंचावन्न रुग्ण. निम्म्यांना खरे किरण, १ ग्रे सहा वेळा. उरलेल्या निम्म्यांना मशिनखाली झोपवलं, सगळं तसंच केलं, पण किरण दिलेच नाहीत. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी मोजलं, तर गुडघ्याच्या चाचणीत खरे किरण घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना ठरलेल्या निकषांनुसार बरं वाटत होतं. आणि खोटे किरण घेतलेल्यांपैकी? ४३ टक्के. हाताच्या चाचणीत तर खोट्यांचा आकडा किंचित वरचढ होता : २९ विरुद्ध ३६.

जर्मनीतही एक चाचणी झाली. तिथे ०.५ ग्रे सहा वेळा आणि त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ०.०५ ग्रेची नाममात्र मात्रा सहा वेळा, अशी तुलना केली. गुडघा असो वा हात, दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. जिथे हा उपाय रोज देतात त्याच देशातून हा निकाल आला, म्हणून त्याचं वजन मी जास्त धरते.

मग गोष्ट संपायला हवी होती. पण २०२५ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या रेडिएशन ऑन्कॉलॉजीच्या, म्हणजे किरणांनी कॅन्सरवर उपचार करणाऱ्या शाखेच्या, वार्षिक परिषदेत दक्षिण कोरियाच्या डॉक्टरांनी आपली चाचणी मांडली. सौम्य ते मध्यम झीज असलेले ११४ गुडघ्यांचे रुग्ण आणि तीन गट : एकूण ३ ग्रे, एकूण ०.३ ग्रे आणि नुसतं नाटक. चार महिन्यांनी बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे ७०.३, ५८.३ आणि ४१.७ टक्के आलं. ३ ग्रे आणि नाटक यांच्यातला फरक योगायोगापलीकडचा होता. या चाचणीत इतर वेदनाशामकं आवळून धरली होती, त्यामुळे किरणांचा परिणाम वेगळा ओळखायला जागा मिळाली. आणि रुग्णांची झीज फार पुढे गेलेली नव्हती.

आता डच आणि कोरियन चाचण्यांतला खोट्या किरणांचा गट परत बघा. काहीही न मिळालेल्या दहा लोकांपैकी साधारण चौघांना बरं वाटलं. मोठं मशिन, पांढरे कोट, काळजीने विचारपूस, आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडणं, या सगळ्याने माणसाला खरोखर बरं वाटतं. शिवाय माणूस उपचाराला जातो तो दुखणं अगदी शिगेला पोचलेलं असताना, आणि शिगेनंतर ते आपसूकही थोडं उतरतंच. म्हणून 'शेजारच्या आजोबांना गुण आला' या वाक्यावर मी पैसे लावणार नाही, आणि आठवणीवर तर नाहीच. चार महिन्यांनी तुम्हाला आधीचं दुखणं नीट आठवणार नाही.

वहीत रोज रात्री चार गोष्टी लिहायच्या. दिवसभरातलं दुखणं दहापैकी किती (मावशीने सोळा आण्यांपैकी लिहिलं, चालतं). किती गोळ्या घेतल्या. एक ठरलेलं काम किती जमलं. मावशीचं काम म्हणजे जिना न थांबता किती पायऱ्या. आणि रात्री गुडघ्याने जागं केलं का. त्याबरोबर आठवड्यातून एकदा वजन. याहून जास्त लिहायला सांगितलं की वही बंद पडते, हा अनुभव आहे.

चौथी पायरी : आपण यात बसतो का

साधारणपणे हा उपचार ज्यांना सुचवावा ते लोक असे : वय पन्नाशीच्या पुढे, झीज दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीची, वरचे साधे उपाय मनापासून करूनही दुखणं तसंच, आणि गोळ्या चालत नाहीत किंवा शस्त्रक्रियेला हृदय-फुप्फुसांची परवानगी नाही. गुडघ्यात अधूनमधून पाणी होत असेल, सूज येत असेल, तर दाह शमवण्याच्या तर्कात ते बसतं.

चाळिशीच्या आतल्यांनी याचा विचारही करू नये. किरणांमुळे पुढे कर्करोग होण्याची शक्यता अशा मात्रेत छोटी असते, पण शून्य नसते, आणि त्या गाठी यायला सहसा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणून पंचाहत्तरीच्या बाईचा आणि पस्तिशीच्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचा हिशेब एक नाही. जागाही महत्त्वाची आहे. गुडघा आणि हात धडापासून लांब असतात आणि मोठ्या माणसांच्या हातापायांच्या टोकांकडच्या हाडांत रक्त बनवणारी लाल मज्जा जवळपास नसते. खुबा, खांदा किंवा मणक्याचं तसं नाही, तिथे विचार जास्त करावा लागतो.

गरोदरपणात हा उपचार नाही. त्याच जागी पूर्वी कधी रेडिएशन झालेलं असेल, सांध्यात जंतुसंसर्ग असेल, त्या भागात गाठ असेल, तर आधी ते सांगा. स्क्लेरोडर्मा, ल्युपससारखा आजार किंवा मेथोट्रेक्सेटसारखं औषध चालू असेल तर तेही. पेसमेकर गुडघ्यापासून लांब असला तरी फॉर्मवर लिहा.

आणि चौथ्या श्रेणीची झीज, पाय बाहेर वाकलेला, हाडावर हाड घासतंय अशी अवस्था असेल तर किरणांकडून फार अपेक्षा ठेवू नका. तिथे सांधेबदलाची शस्त्रक्रिया जास्त भरवशाची आहे. शस्त्रक्रियेच्या भीतीने रेडिएशनकडे वळणारे मला वेटिंग रूममध्ये दोघं भेटले. भीती खरी आहे, पण ती भीती ऑर्थोपेडिक डॉक्टरांसमोर काढलेली बरी. गुडघा मध्येच अडकून बसत असेल तर तीही यांत्रिक बाब आहे, किरणांनी सुटत नाही.

पाचवी पायरी : कोणाकडे जायचं, काय विचारायचं

हा उपचार ऑर्थोपेडिक डॉक्टर देत नाहीत, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट देतात. म्हणजे जावं लागतं कॅन्सरच्या विभागात, जिथे हे किरण देणारं लिनॅक नावाचं मशिन असतं. भारतात अशी मशिनं चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे मुंबईत अणुशक्तीनगरला बसणाऱ्या एईआरबीचा परवाना लागतो. एखाद्या 'पेन क्लिनिक'मध्ये छोट्या मशिनवर 'रेडिएशन' देतो म्हणाले तर परवाना विचारा. उत्तर देताना चुळबुळ झाली तर उठा.

आपल्याकडे सांध्यांसाठी हा उपचार अजून सर्रास होत नाही. केलॉइडसारख्या (जखमेच्या जागी वाढत जाणारा जाड व्रण) काही बिगर-कॅन्सर तक्रारींसाठी रेडिएशन देतात, त्यामुळे विभागांना कल्पना अनोळखी नसते. पण गुडघ्याची फाईल बघून रजिस्ट्रेशनच्या खिडकीवरचा माणूस गोंधळतो. आम्ही पहिल्यांदा ज्या रुग्णालयात गेलो तिथे मावशीला सरळ कॅन्सरच्या नव्या रुग्णांच्या रांगेत बसवलं आणि समुपदेशकाने अतिशय प्रेमाने "घाबरू नका, आता खूप चांगले उपाय आहेत" म्हणत तिचा हात हातात घेतला. मावशी घरी येईपर्यंत रडत होती. त्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फाईलवरचा शिक्का वाचला. संध्याकाळपर्यंत तीन फोन आले. म्हणून घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि खिडकीवरच्या माणसाला आधीच सांगून ठेवा : हा गुडघ्याच्या झिजेचा उपचार आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर न्या. तुमच्याकडे बिगर-कॅन्सर सांध्यांचे रुग्ण याआधी झाले आहेत का? एका वेळी किती ग्रे, एकूण किती, किती दिवसांत? (०.५ ने जमत असताना १ का, हेही विचारा. टाच आणि कोपराच्या दुखण्यावर जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये दोन्हींची तुलना झाली तेव्हा फायद्यात फरक दिसला नव्हता.) दोन्ही गुडघे एकदम करणार की आधी जास्त दुखणारा? गुण नाही आला तर पुढे काय? आणि शेवटचा प्रश्न : "डॉक्टर, तुमच्या आईला दिलं असतं का?" आमच्या डॉक्टरांनी क्षणभर थांबून म्हटलं, "व्यायाम तीन महिने करून घेतल्यावर, हो." मला ते उत्तर आवडलं.

पैशांचं : एकूण खर्चाचं अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यात सीटी-प्लॅनिंगचे, म्हणजे किरण नेमके कुठे द्यायचे ते ठरवायला काढलेल्या सीटीचे, वेगळे पैसे आहेत का ते बघा. विमा असेल तर निदान आणि उपचार दोन्ही स्पष्ट लिहिलेलं पत्र पाठवून पूर्वमंजुरी मागा. तोंडी 'होऊन जाईल' याला अर्थ नाही.

सहावी पायरी : ते सहा दिवस

खरं सांगायचं तर यात सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच छान आहे.

पहिल्या दिवशी सिम्युलेशन होतं. पाय ज्या स्थितीत ठेवणार त्या स्थितीत सीटी किंवा एक्स-रे काढतात, कातडीवर पेनाने खुणा करतात. त्या खुणा शेवटच्या दिवसापर्यंत जपायच्या. आंघोळ करा, पण तिथे साबणाने घासू नका, तेल चोळू नका. संमतीपत्रावर सही असते. ती वाचून करा, त्यात कर्करोगाच्या शक्यतेचं वाक्य असलंच पाहिजे. नसेल तर विचारा.

मग आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, असे दोन-तीन आठवडे. सैल कपडे घाला, साडी असेल तर गुडघ्यापर्यंत सहज वर घेता येईल अशी. मशिनच्या टेबलावर झोपायचं, टेक्नॉलॉजिस्ट खुणा जुळवतात, बाहेर जातात आणि दार बंद होतं. आतलं सगळं कॅमेऱ्यातून दिसत असतं आणि बोलताही येतं. मशिन गुणगुणतं, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने. किरण प्रत्यक्ष पडतात ते जेमतेम एक-दोन मिनिटं. काही जाणवत नाही, भाजत नाही. बोटांच्या झिजेसाठी हातावर कधी जेलचा किंवा मेणासारखा थर ठेवतात. मोठ्या मशिनचे किरण कातडीखाली थोडं आत गेल्यावर पुरते बसतात, आणि बोटं तर बारीक असतात. तो थर पाहून दचकू नका.

अंगात काही उरत नाही. घरी येऊन नातवंडाला मांडीवर घ्यायला हरकत नाही (गुडघ्याची हरकत असेल तर वेगळी). गरोदर सुनेपासून लांब राहायची गरज नाही. केस जात नाहीत, उलट्या होत नाहीत. ही भीती कॅन्सरच्या उपचारांच्या आठवणींतून येते.

काही जणांचं दुखणं पहिल्या काही दिवसांत थोडं वाढतं. मावशीचं तिसऱ्या वेळेनंतर चौदा आण्यांवर गेलं होतं. आधीच सांगून ठेवलेलं असल्यामुळे ती घाबरली नाही, फक्त मला दोन शब्द ऐकवले. गुडघा लाल होऊन तापत असेल, ताप येत असेल, पोटरी सुजली असेल, तर मात्र 'किरणांमुळे असेल' म्हणून बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

सातवी पायरी : बारा आठवडे

सहावा दिवस झाला की लगेच निकाल लावायचा नाही. गुण यायचा असेल तर तो आठवड्यांनी येतो, बरेचदा दोन-तीन महिन्यांनी. या काळात व्यायाम बंद करायचा नाही आणि कुठला नवा उपायही सुरू करायचा नाही. नवं तेल, नवा पट्टा, नवी गोळी, सगळं बारा आठवड्यांनंतर. नाहीतर कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

बारा आठवडे झाले की वही उघडा. सुरुवातीच्या दोन आठवड्यांची सरासरी आणि आताच्या दोन आठवड्यांची सरासरी शेजारी शेजारी लिहा. दुखणं निदान एक तृतीयांशाने उतरलंय का? गोळ्या कमी झाल्या का? पायऱ्या वाढल्या का? तीनपैकी दोन उत्तरं 'हो' असतील तर तेवढ्यावर थांबा, आणि दुखणं परत येईपर्यंत पुन्हा किरणांचं नाव काढू नका. थोडाच गुण असेल तर जर्मनीत साधारण दीड ते तीन महिन्यांनी दुसरी फेरी देतात, तीही तेवढ्याच मात्रेची. दुसऱ्या फेरीनंतरही वही हलली नाही, तर तिसरी मागू नका आणि कोणी देऊ केली तर घेऊ नका. ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे परत जा आणि झालेल्या रेडिएशनचा कागद बरोबर न्या. तो कागद आयुष्यभर जपून ठेवायचा आहे, आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा.

मावशीची वही माझ्यासमोर आहे. सुरुवातीची सरासरी बारा आणे, बाराव्या आठवड्यातली सात. पायऱ्या न थांबता अकरावरून चोवीस. क्रिएटिनिनमुळे गोळ्या आधीही जवळजवळ नव्हत्याच. वजनाच्या रकान्यात मात्र तीन किलो कमी झालेले दिसतात आणि फ्रीजवरचा व्यायामाचा कागद आता तेलकट, चुरगळलेला आहे. पाच आण्यांपैकी किती किरणांचे, किती तीन किलोंचे आणि किती त्या टॉवेलच्या गुंडाळीचे, हे मी तिला विचारलं.

"ते तू बस मोजत," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन भाजीला खाली उतरली. दुसऱ्या मजल्यावर मात्र थांबली, वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या म्हणून.